आग्नेयेकडे तोंड केलेल्या छत्र्या

मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. खान्देशातल्या चाळीसगावहून मुंबई सरळ रेषेत मोजली तर पावणेतीनशे किलोमीटर. रेल्वेने मुंबईला जाणं इथल्या माणसाला नवीन नव्हतं. पण वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र काही उलट्या दिशेने चाळीसगावला येत नव्हतं. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्री उभा आणि त्याहून मोठा अडथळा म्हणजे पृथ्वीचा बाक. मनोरा कितीही उंच केला तरी त्याचा आवाका शंभरेक किलोमीटरचा.

पुढे वीस वर्षांनी याच गावात चित्र आलं ते सुमारे ३७,२०० किलोमीटरवरून. पावणेतीनशे किलोमीटर जमले नाहीत आणि सदतीस हजार जमले, कारण आकाशात मध्ये काहीच आडवं नव्हतं. खान्देशातल्या गच्च्यांवर नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या मोठ्या छत्र्यांची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. राजधानीपासून तुम्ही किती लांब आहात याला तेव्हा पहिल्यांदा अर्थ उरला नाही. आकाशाचा एक ठरावीक तुकडा मोकळा दिसला की झालं.

उपग्रहावरून चित्र पाठवायची ही कल्पना भारतात आधी गावांसाठी आली, शहरांसाठी नाही. शहराशहरांत मनोरे उभारत खेड्यांपर्यंत पोचायला पिढ्या जातील. उपग्रह वापरला तर सगळ्यांत दूरच्या गावालाही पहिल्याच दिवशी चित्र मिळेल, हा विक्रम साराभाईंचा आग्रह होता. त्यांच्याच काळात पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रह दळणवळणाचं केंद्र आकाराला आलं. तिथली तबकडी जवळजवळ ३० मीटर व्यासाची. १९७१ च्या डिसेंबरअखेर साराभाई गेले आणि १९७२ मध्ये त्या केंद्राला त्यांचंच नाव मिळालं.

गावांचा प्रयोग त्यांच्यानंतर झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्याची कार्यक्रम-व्यवस्था एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. गावात बसवलेली छत्री सुमारे ३ मीटर व्यासाची होती आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी होती. मुद्दामच तशी. महागडं यंत्र खेड्यात टिकणार नाही आणि बिघडलं तर दुरुस्त होणार नाही, हे ओळखून केलेली ती रचना होती. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. खान्देशाच्या वाट्याला तो प्रयोग आला नाही. पण जाळीची छत्री गावात चालू शकते हे त्या वर्षात सिद्ध झालं.

मग इन्सॅट आला. पहिला, १-ए, एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरात निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेला १-बी मात्र टिकला. तोवर १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र सुरू झालं होतं. १९८४ च्या उत्तरार्धात देशभर दिवसाला एक या वेगाने कमी शक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले. प्रत्येकाशेजारी उपग्रहाकडे तोंड केलेली एक तबकडी. ती दिल्लीचं चित्र आकाशातून घ्यायची आणि शंभर वॅटचा प्रक्षेपक ते आजूबाजूच्या टापूत पसरवायचा. त्या टापूच्या काठावरच्या गावांत घराघरावर लोखंडी पाइप चढले. त्याला माशाच्या काट्यासारखा अँटेना आणि बूस्टर. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. चित्र आकाशातून येत होतं, पण काय बघायचं हे अजून दिल्लीच ठरवत होती.

हे बदललं ते एका टाकून दिलेल्या उपग्रहाने. वेस्टार-६ हा अमेरिकन उपग्रह फेब्रुवारी १९८४ मध्ये अवकाशयानातून सोडला गेला, पण त्याला वर ढकलणारं इंजिन दगा देऊन गेलं आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी पकडून परत आणला. डागडुजी करून तो विकला गेला आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या अग्निबाणावरून पुन्हा वर गेला. आता त्याचं नाव होतं एशियासॅट-१ आणि जागा विषुववृत्तावर १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने १९९१ मध्ये त्यावरून वाहिन्या सुरू केल्या. त्यांचा झोत भारतावरही पडत होता.

मागणी तयार व्हायला निमित्त झालं आखाती युद्ध. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवरचे बॉम्बहल्ले मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर घडत असतानाच दिसले. युद्ध घरबसल्या बघता येतं, ही बातमी युद्धाइतकीच वेगाने पसरली. त्यानंतर २ ऑक्टोबर १९९२ ला त्याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाला आणि छत्री इंग्रजी समजणाऱ्यांपुरती राहिली नाही. मुंबई दूरदर्शनच्या जन्मानंतर बरोब्बर वीस वर्षांनी, त्याच तारखेला.

आता ती छत्री बसायची कशी, ते जवळून पाहू.

पहिला प्रश्न जागेचा. खान्देशात जुनी घरं धाब्याची, म्हणजे लाकडी सरांवर मातीचं सपाट छत. १२ फूट व्यासाच्या छत्रीला वारा पकडायला शंभर चौरस फुटांहून जास्त जागा मिळते; धाबं तिचं वजन एक वेळ पेलेल, वळवाच्या पावसाआधीचा वारा पेलणार नाही. म्हणून स्लॅबचं घर पाहायचं, नाहीतर अंगणात काँक्रीटचा पाया घालायचा. मधला खांब ओळंब्यात हवा. तो बोटभर कलला तर पुढचं सगळं माप चुकतं.

मग पाकळ्या जोडायच्या. ॲल्युमिनियमच्या जाळीची छत्री सुट्या पाकळ्यांत येते. नट सैल ठेवून गोल पूर्ण करायचा, मग आवळायचे. आवळताना ती पिळली गेली का, हे पाहायला दोन दोऱ्या पुरतात. काठापासून समोरच्या काठापर्यंत एक दोरी, तिला काटकोनात दुसरी. मध्यभागी दोन्ही एकमेकींना नुसत्या टेकल्या तर छत्री सरळ. एक दुसरीपासून अंतर राखून राहिली, किंवा तिला दाबून बसली, तर कुठेतरी पीळ आहे. ही छत्री ज्या लहरी पकडते त्या सी-बँड नावाच्या पट्ट्यातल्या; त्यांची लांबी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास असते. पृष्ठभागात अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचा फुगवटा आला तरी लहरी नेमक्या जागी एकवटत नाहीत. जाळी चालते तीही याच हिशेबाने, भोकं लहरीपुढे फार बारीक असतात म्हणून. नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी विरळ तारांनी विणल्या, कारण त्यांना पकडायच्या लहरी बऱ्याच लांब होत्या.

लहरी जिथे एकवटतात तिथे एलएनबी, म्हणजे त्या क्षीण लहरी पकडून वाढवणारा डबा, बसतो. ती जागा काढायचं सूत्र कारागिरांना तोंडपाठ असायचं. व्यासाचा वर्ग करा, खोलीच्या सोळापटीने भागा. १२ फूट म्हणजे १४४ इंच व्यास आणि मध्ये २४ इंच खोली असेल, तर तळापासून ५४ इंचांवर एलएनबीचं तोंड. इंचभर पुढेमागे झालं की चित्र मळकं. उपग्रहावरच्या एका वाहिनीमागचा प्रक्षेपक असतो जेमतेम आठ-नऊ वॅटचा, रात्रीच्या दिव्याएवढा. तो अर्ध्या आशियावर पसरलेला. १२ फुटांची छत्री त्यातलं जे पकडते ते इतकं क्षीण असतं की एलएनबीची स्वतःची उष्णताही त्यात खरखर मिसळते. म्हणून एलएनबीची प्रत केल्व्हिन अंशांत मोजतात. आकडा जितका लहान तितका माल चांगला.

शेवटी दिशा. चाळीसगाव २०.५ अंश उत्तर अक्षांशावर, ७५ अंश पूर्व रेखांशावर. तिथून १०५.५ अंशावरचा उपग्रह बघायचा तर उत्तरेपासून पूर्वेकडे १२१ अंश फिरायचं, म्हणजे जवळपास आग्नेय, आणि क्षितिजापासून ४८ अंश वर बघायचं. गावाच्या दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर आहेत, पण इतक्या चढ्या नजरेला ते आड येत नाहीत. होकायंत्र वापरताना खांबापासून लांब उभं राहायचं, कारण लोखंड सुई ओढतं. खरी कसोटी त्यानंतरची. १२ फुटांच्या छत्रीची नजर दीड अंशाहूनही अरुंद असते. तिला अंशभर हलवायचं म्हणजे काठ फक्त सव्वा इंच सरकवायचा. त्या काळी ठिकठिकाणच्या गच्च्यांवर चाललेला संवाद असा: वर एक जण छत्रीला हात घालून, खाली एक जण टीव्हीसमोर, मध्ये जिन्यात तिसरा निरोप्या. “उनं का?” (आलं का?) “नही!” “आते?” (आता?) आणि मग एकदम सगळ्यांचा आवाज, “उनं, उनं!” पडद्यावरच्या मुंग्यांतून आधी आवाज फुटायचा, मग चेहरा.

इथे चाळीसगावची एक जुनी खूण आठवल्याशिवाय राहवत नाही. गावापासून काही कोसांवर, पाटणादेवीच्या परिसरात, पाटणे गावी शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली, असं तो सांगतो. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका प्रकरणाचं नाव आहे त्रिप्रश्नाधिकार. तीन प्रश्न म्हणजे दिशा, देश आणि काल: कुठल्या बाजूला, कुठल्या जागेवरून, कोणत्या वेळी. उभ्या शंकूची सावली मोजून ते सोडवायचे. छत्री बसवणाऱ्या कारागिराने हा ग्रंथ उघडलेला नसेल, पण गच्चीवर ओळंबा सोडून तो यातलेच प्रश्न सोडवत होता.

छत्री बसली म्हणजे काम संपलं असं नव्हतं. तिचे आजार ठरलेले. पहिल्या पावसात चित्र गेलं की आधी केबलचा जोड उघडायचा. टेप नीट गुंडाळली नसली तर पाणी आत उतरून तांबं हिरवं पडलेलं असायचं. पावसाळा उलटल्यावर आवाज मंदावला तर एलएनबीच्या तोंडाची टोपी काढून आत गांधीलमाश्यांनी घर केलंय का ते पाहायचं. काही वाहिन्या दिसतात आणि काही नाहीत, तर बहुधा विजेचा दाब कमी पडतोय: रिसीव्हर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून आडव्या-उभ्या लहरींतली निवड करतो आणि केबल फार लांब असली की १८ चे वर पोचेपर्यंत पुरेसे उरत नाहीत. वानरांनी जाळीवर उडी मारली तर पाकळी चेपते; ती हाताने उठवून पुन्हा दोऱ्यांची परीक्षा. वीज गेली तर इलाज नाही, आणि ती वारंवार जायची.

एक आजार मात्र आजारच नव्हता. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास चित्रात मुंग्या भरत. काही मिनिटांनी आपोआप ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात ते आठ-नऊ वॅट बुडून जातात. नवखा मेकॅनिक अशा वेळी सगळे नट सैल करून बसायचा. जाणता मेकॅनिक छत्रीसमोर जाऊन सावली बघायचा. एलएनबीची सावली त्या क्षणी छत्रीच्या बरोबर मध्यावर पडली असेल, तर दिशा अचूक आहे आणि कशालाही हात लावायचा नाही.

इतका खटाटोप एका घरासाठी परवडणारा नव्हता. शिवाय एक रिसीव्हर एका वेळी एकच वाहिनी देतो. म्हणून श्रीमंत वाड्यावरची एकटी छत्री अपवाद राहिली आणि केबलवाला जन्मला. एक छत्री, वाहिनीगणिक एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, सगळं एका तारेत, आणि ती तार खांबांवरून, झाडांवरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर. ठरावीक अंतरावर बूस्टर. हा व्यवसाय उभा केला तो बहुतेक ठिकाणी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्यांनी आणि इलेक्ट्रिशियनांनी. छत्रीचा सांगाडा वेल्डिंगच्या दुकानात होई. मोठ्या भांडवलाची गरज नव्हती; डोकं, शिडी आणि शेजाऱ्यांचा विश्वास लागायचा.

कायदा मागून आला. बिनतारी संदेशांवर तोवर १८८५ च्या तार कायद्याचा अंमल होता, आणि तो लिहिणाऱ्यांना गच्चीवरची छत्री स्वप्नातही दिसली नसणार. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम निघाला, १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन जाळ्यांचा कायदा झाला. केबलवाल्याला पोस्टात नोंदणी करावी लागली आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक झालं. त्याआधी ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. न्यायालयाने हे कागदावर मांडलं तेव्हा गावोगावच्या गच्च्यांवर ते आधीच घडून गेलं होतं.

या कथेतली एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. पहिली तीन वर्षं या छत्रीतून इंग्रजी आलं, चिनी आलं, हिंदी आलं. मराठी आलं नाही. उपग्रहावरची दूरदर्शनची मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाली, तीच पुढे सह्याद्री. ती इन्सॅटवर होती. तिच्यासाठी दुसरी छत्री आणखी वर रोखावी लागे, ९३.५ अंश रेखांशाकडे, क्षितिजापासून ५८ अंशांवर. पहिली मोठी खासगी मराठी वाहिनी, अल्फा मराठी, यायला १५ ऑगस्ट १९९९ उजाडला. पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी आली. तोवर खान्देशातली एक पिढी हिंदी मालिकांच्या भाषेत लग्नाच्या आणि फॅशनच्या कल्पना बांधून मोठी झाली होती. खान्देशच्या अहिराणीला तर त्या आकाशात जागा मिळाली नाही. गच्चीवर “उनं, उनं” म्हणून ज्या भाषेत आनंद व्हायचा, ती भाषा खालच्या पडद्यावर कधी आली नाही, याची खंत वाटते.

छत्रीचा उतार तिच्या भरभराटीतच सुरू झाला. वाहिन्या पैसे मागू लागल्या, चित्र कुलूपबंद झालं, प्रत्येक समूहासाठी वेगळा डिकोडर घ्यावा लागला. उपग्रह वाढले तसं एका छत्रीवर भागेना. अंकीय प्रक्षेपण आलं आणि हजारो रुपयांचे ॲनालॉग रिसीव्हर भंगारात गेले. छोटा केबलवाला मोठ्याच्या तारेला जोडला गेला. घरगुती छोट्या डिशवर सरकारने १९९७ मध्ये घातलेली बंदी नोव्हेंबर २००० मध्ये उठली. २००३ मध्ये पहिली खासगी डीटीएच सेवा आली आणि १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची मोफत सेवा. तिच्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या आणि उपग्रहाची ताकद कितीतरी जास्त, म्हणून दोन फुटांची तबकडी पुरते. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबलही अंकीय झाली. २०१७ मध्ये ग्रामीण भागाचा टप्पा आला. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपकही २०२२ पर्यंत जवळपास सगळे थांबले.

हिशेब मांडला तर मिळालं ते मोठं आहे. जे गाव पावणेतीनशे किलोमीटरमुळे वीस वर्षं मागे राहिलं, ते एका छत्रीने मुंबईच्या बरोबरीला आलं. त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. आज भिंतीला लावलेली तबकडी स्वस्त आहे, चित्र स्वच्छ आहे. पण मोठी छत्री गल्लीची होती. तिच्यामागे कोण आहे हे माहीत असायचं, ती का बिघडली हे विचारता यायचं आणि बघून शिकताही यायचं. दोऱ्यांची परीक्षा, सोळाने भागायचं सूत्र, मार्चमधली सावली हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकातून आलं नव्हतं. ते गच्चीवर हातातून हातात गेलं आणि लिहून न ठेवल्यामुळे एका पिढीतच विरत चाललंय. ज्यांनी ते काम केलं ती माणसं आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून ते उतरवून घ्यायला हवं. पाटण्याच्या शिळेवर एका मठाची व्यवस्था कोरून ठेवली गेली म्हणून आठशे वर्षांनी आपल्याला ती ठाऊक आहे.

जुन्या घराच्या गच्चीवर अजून एखादी गंजलेली छत्री न हललेली सापडते. तार तुटलेली, खाली टीव्ही नाही. तिचं तोंड अजून आग्नेयेकडे असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास तिच्यासमोर उभं राहून बघावं. एलएनबीची सावली काठावरून सरकत मध्याकडे येते आणि तिथे पोचते. ज्याने ती बसवली त्याने तेव्हा बरोबर बसवली होती, एवढं ती सावली अजूनही सांगते.